मी अजून फिरतोय

मित्रांनो, मी एक जुना सेंट्रिफ्यूज आहे आणि माझ्याइतका शांत, स्थिर, जबाबदार गडी अख्ख्या विद्यापीठात सापडणार नाही. आपली जागा सोडून भटकणं माझ्या स्वभावातच नाही.

एकदा भटकलो होतो, तेवढं सोडा. टेबलावरून खाली, थेट मॅडमच्या जेवणाच्या डब्यावर.

पण त्यात माझी काय चूक? रक्ताच्या नळ्या पोटात घेऊन गरगर फिरायचं, हे माझं काम. तांबडं खाली बसतं, वर पिवळसर पाणी उरतं. रोगाशी लढणारी प्रतिपिंडं त्या पाण्यात असतात आणि आमच्या मॅडमनी सगळा जन्म त्यांच्यामागे घालवलाय. माझी अट एकच. एका बाजूला नळी ठेवली, की समोर तेवढ्याच वजनाची दुसरी ठेवायची. त्या दिवशी एका विद्यार्थ्यानं एकच ठेवली. मी थडथडत निघालो. तेव्हापासून त्याचं नाव पडलं एकनळ्या.

मॅडम मला ढकलगाडीवर घालून वर्गातही न्यायच्या. "शरीराला आपलं कोण, परकं कोण, हे बरोब्बर कळतं," असं सांगता सांगता त्यांना सटासट शिंका यायच्या. ज्या उंदरांवर प्रयोग, त्यांचीच ॲलर्जी!

"मॅडम, उंदीर तर तुमचेच ना?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं.

"माझेच रे. पण नाकाला कोण सांगणार?"

त्यांच्या संशोधनाला बक्षीस मिळालं, तेव्हा माझ्या झाकणावर फुलांचे गुच्छ ठेवले. मला वाटलं, माझ्यासाठीच. फोटो निघाले आणि गुच्छ गेले. पुढे त्याच झाकणावर लोक ओले हातमोजे वाळत घालायला लागले.

आणि एकनळ्या? तो विभागप्रमुख झाला!

यंदा त्यानं माझ्या शेजारी नवंकोरं मशीन आणून ठेवलं. चकचकीत, टचस्क्रीनबिन असलेलं. ते सुरू करून द्यायला कंपनीचा माणूस यायचा होता, तो काही उगवेना. तरी एकनळ्या म्हणाला, "मॅडम, हे डबडं आता भंगारात काढतो. तसंही पुढच्या महिन्यात तुम्ही निवृत्त होताय."

"मग काय, आम्हा दोघांना एकाच टेम्पोत घालतोस?"

"तसं नाही हो, मॅडम..."

"माझ्या शेवटच्या विद्यार्थिनीचे नमुने अजून उरलेत. ते झाल्याशिवाय हा इथून हलायचा नाही, आणि मीही नाही. नळी कशी ठेवायची ते तुला शिकवलं कुणी? मग मला शिकवू नकोस!"

एकनळ्यासाहेबांचे कान लाल झाले.

माझी बिजागरी कुरकुरते, बटणांवरचे आकडे पुसलेत. पण दाबलं की फिरतो. फिरणारच! म्हणून सांगतो मित्रांनो, कुणालाही भंगार ठरवण्याआधी एकदा बटण दाबून बघत जा. आणि नळ्या जोडीनं ठेवत जा.

काल भंगारवाले आले. नमुने लावून, मला सुरू करून मॅडम तासाला गेल्या होत्या. भंगारवाल्यांनी साहेबांना फोन लावला, "कुठलं न्यायचं?"

साहेब मीटिंगमध्ये होते. ते कुजबुजले, "अहो, जे बंद आहे ते."

मी फिरत होतो. शेजारचं बंद होतं. त्यांनी ते नेलं.