वापूसला जायची तयारी

फ्रिजच्या दारावर याद्या लावायला जागा उरली नाही, तेव्हा मेत्रोनं त्या न्हाणीघरातल्या आरशावर चिकटवायला सुरुवात केली. दात घासताना मला रोज वाचावं लागे : अस्वलासाठी तिखट फवारा, दोन. जादा टायर, दोन. डोक्यावरून घ्यायच्या डासजाळ्या, सहा.

"सहा कशाला?" मी विचारलं. "माणसं आपण दोन."

"फाटतात गं."

मेत्रो माझा नवरा. कॅनोरा गावाजवळ चाळीस वर्षं गहू पिकवला, मग शेत पुतण्याच्या हवाली केलं आणि त्याच महिन्यात एक जुनी मोटरहोम अंगणात आणून उभी केली. अठ्ठावीस फुटांची. आत पलंग, शेगडी, संडास, सगळं. म्हणाला, "ओरिसिया, आता वापूसला जायचं."

वापूस हे वर उत्तरेतल्या स्प्रूसच्या रानातलं सरोवर. भोवती सरकारी उद्यान आहे, पण म्हणायला. दीड दिवस डांबरी रस्ता, पुढे एकशे दहा किलोमीटर नुसती खडी. वीज नाही, दुकान नाही, फोन लागत नाही. लग्नाआधी एक उन्हाळा मेत्रो तिथे मनोऱ्यावर बसून वणव्यांवर नजर ठेवायचं काम करत होता. तेव्हापासून ते नाव त्याच्या तोंडात आहे.

गाडी आणली ती दोन वर्षांपूर्वी. पहिल्या वर्षी जूनमध्ये काळ्या माश्या फार, म्हणून जुलै ठरला. जुलैत कुठेतरी धूर होता. ऑगस्टमध्ये पाण्याच्या टाकीची तोटी त्याला पसंत पडेना. सप्टेंबरात म्हणाला, आता बर्फ पडेल. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच, फक्त तोटीऐवजी गॅसची नळी. नमनालाच घडाभर तेल, आणि नाटक काही सुरू होईना. तीनदा मी दीडशे पेरोही, म्हणजे आमच्या उकडायच्या करंज्या, लाटून, बटाटा भरून गोठवले. तीनही वेळा आम्ही ते घरीच खाल्ले, खिडकीतून त्या गाडीकडे बघत.

चर्चच्या स्वयंपाकघरात बायका विचारायच्या, "काय मग, जाऊन आलात?" मी कांदे चिरत राहायची.

यंदा मे महिन्यात माझं डोकं फिरलं. मेत्रो टायरची हवा मोजायला बाहेर गेला होता. मी सरळ उद्यानाच्या कार्यालयाला फोन लावला. खडीचा रस्ता सुरू होतो त्या गावात ते आहे. व्हर्ना नावाच्या बाईनं उचलला.

"मला जूनच्या शेवटच्या आठवड्यासाठी गाडी लावायला जागा हवी," मी म्हटलं. "नाव मेत्रो हावरिश."

ती हसायला लागली. "कॅनोराचे मेत्रो? अहो बाई, तुमचे यजमान मला दर मंगळवारी फोन करतात. मी फोनजवळ चहा घेऊनच बसते."

"आणि काय विचारतात?"

"एकच. गाडी मागे न घेता, सरळ आत शिरून सरळ बाहेर पडता येईल अशी जागा आहे का. मी सांगते, दादा, एकही नाही, सगळ्या जागा झाडांत आहेत, गाडी मागे घेतच लावावी लागते. मग म्हणतात, बरं, बघतो. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. रानानं मधल्या आठवड्यात सरकून जागा द्यावी असं वाटतं की काय त्यांना!"

मी जागा पक्की केली आणि फोन ठेवला. हा माणूस धान्याने भरलेला ट्रक आरशात बघून कोठाराच्या तोंडाशी इंचाइंचाने मागे लावायचा. लोक बघायला थांबायचे. त्याला आता मागे जायची भीती?

मग मी बाहेर जाऊन गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्याकडे नीट बघितलं. तिथे हाताएवढा पोचा होता. तो म्हणाला होता, हरणानं धडक दिली. त्या पोच्याच्या खाचेत आमच्या सरपणाच्या खोपटाचा लाल रंग होता.

"मेत्रो," मी म्हटलं, "हरीण लाल रंगाचं होतं का रे?"

तो टायरपाशी उकिडवा बसला होता. उठला नाही.

"डावा डोळा," शेवटी म्हणाला. "दुधात बघितल्यासारखं दिसतं. दोन वर्षं झाली."

"मोतीबिंदू असेल! तुझ्या आईला नव्हता? डॉक्टरकडे का नाही गेलास?"

"लायसन्स काढून घेतील."

"म्हणून तू मला दोन वर्षं डासजाळ्या मोजायला लावल्यास?"

"मला वाटलं, सरळ घुसायची एखादी जागा सापडेल."

मला रडू यायला हवं होतं, पण संताप इतका होता की त्याला जागाच मिळेना. "अरे, तीस वर्षं कापणीत गव्हाचा ट्रक कोण चालवत होतं? तुझी मावशी? दोन वर्षांत एकदाही तुझ्या मनात आलं नाही की ही बाई गाडी चालवेल?"

त्यानं माझ्याकडे अशा नवलानं पाहिलं की खरोखरच आलं नव्हतं, हे कळलं. त्याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात दोन पिंपं ठेवली आणि मी स्टीअरिंगवर बसले. मेत्रो मागे उभा. उजव्या हातानं "ये" म्हणायचा आणि डाव्या हातानं "थांब". मी रुबार्बच्या वाफ्यावरून गेले.

"अगं, थांब म्हटलं ना!"

"कुठल्या हातानं?"

"दोन्ही!"

मी खाली उतरले. "एक हात खिशात घाल. नाहीतर दोन्ही घाल आणि आत जाऊन कॉफी कर." तो गेला. सातव्या खेपेला मी पिंपांच्या मधोमध गाडी लावली. खिडकीच्या पडद्यामागून तो बघत होता, हे मला आरशात दिसलं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही खरंच निघालो. मेत्रो शेजारी बसून नकाशावर बोट फिरवत होता आणि मी जिथे वळणारच होते तिथे "वळ" म्हणत होता. दुसऱ्या दिवशी त्या गावात पोचलो. मी पाण्याची टाकी भरत असताना तो कार्यालयात परवाना आणायला गेला आणि अर्धा तास आलाच नाही. व्हर्ना त्याला पोचवायला दारापर्यंत आली. "मंगळवारी आता मी काय करू?" तिनं विचारलं. मेत्रोचे कान लाल झाले.

खडीवर तीन तास लागले. आमची जागा जॅक पाइनच्या झाडांच्या दाटीत होती, पाण्यापासून वीस पावलं. शेजारच्या जागेवरचे दोन मासेमार खुर्च्या वळवून बघत बसले. चार खेपा झाल्या. एकदा फांदीनं छपराला ओरखडा काढला. मेत्रो सगळा वेळ माझ्याकडे पाठ करून, हात खिशात घालून, सरोवराकडे तोंड करून उभा होता. एंजिन बंद झालं तेव्हाच वळला.

गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "डावीकडे अजून फूटभर होतं."

"तुला डावीकडचं दिसतं?"

मी पेरोही उकळायला टाकले, कांदा परतला. बाहेरच्या बाकावर जेवताना माश्यांनी आम्हाला फोडून काढलं. सहापैकी दोन जाळ्या डोक्यावर, आणि घास जाळीखालून आत.

"व्हर्नाच्या फोनवरून यॉर्कटन गावच्या डोळ्यांच्या डॉक्टरला फोन लावला होता," तो जाळीतून म्हणाला. "चौदा जुलैची वेळ मिळाली."

"किती वेळ लागला?"

"कशाला?"

"फोन करायला."

त्यानं विचार केला. "चार मिनिटं असतील. बाकी वेळ व्हर्ना हसत होती."

मी काटा ताटात ठेवला. बोलायला पुष्कळ होतं. मग त्यानं आपल्या ताटातले दोन पेरोही, खरपूस कांदा लागलेले, माझ्या ताटात सरकवले, आणि मी ते खाल्ले.