दारव्ह्याच्या बरणीतली मुशी

मी बरणीतून बोलतेय. दारव्ह्याच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळ एक काचेचं कपाट आहे, त्यात माझा मुक्काम. बरणीवर चिठ्ठी होती, ‘शार्कचं पिल्लू’. इथून समुद्र फार लांब, म्हणून मी कधी रागावले नाही. शार्क म्हणजे होडीएवढा, एवढंच बिचाऱ्यांनी ऐकलेलं. मी मात्र दीड वीत लांबीची, पुरती वाढलेली मुशी आहे, म्हणजे छोट्या जातीची शार्कच. आणि पोटुशी आहे.

माझ्या गावी ऊन पोचतं ते नावापुरतं. पाणी थंड, जड, निवांत. तिथे माझ्या पोटाची कातडी मंद निळी उजळायची. वरून झिरपणाऱ्या अंधुक उजेडात माझी सावली पुसून जायची आणि खालच्या शिकाऱ्याला मी दिसतच नसे. आम्ही अंडी बाहेर टाकत नाही. ती पोटातच वाढतात आणि पिल्लं बाहेर येतात ती पोहतच.

माझी यायचीच होती, तेवढ्यात कोळंबीसाठी खोल सोडलेल्या जाळ्यात मी सापडले. केरळच्या बंदरावर सहल घेऊन आलेल्या एका प्राध्यापकांनी मला उचललं. फॉर्मॅलिनमध्ये माझा उजेड विझला, पिल्लांची हालचालही थांबली. तरी ती माझ्याच अंधारात होती, एवढं सुख उरलं होतं.

यंदा नुजहत मॅडमनी मला प्रात्यक्षिकाच्या टेबलावर घेतलं. पोट उघडून यकृत दाखवायचं होतं. त्या तेलकट यकृतावरच आम्ही तरंगतो. मॅडमना स्वतःला सातवा महिना. शिपाई कोकिळाताई ट्रे घेऊन दारातच अडल्या.

“मॅडम, आज ग्रहण हाय. पोटुशीनं कात्री धरू नये.”

“कोकिळाताई, मी सायन्स शिकवते न.”

“तुमच्या लेकराले कुठं मालूम हाय ते?”

पोरं हसली. मॅडमही हसल्या आणि त्यांनी कात्री घेतली. मी फार घाबरले. दात आहेत मला, पण ते आता कुणाला लागत नाहीत.

कापायची जागा चाचपायला त्यांनी अंगठा माझ्या पोटावर ठेवला. तो जरा सरकला, थांबला, पुन्हा मागे आला. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि तो हात स्वतःच्या पोटावर नेला. माझ्या लेकरांना इतक्या हळू कुणीच हात लावला नव्हता.

“आज बाहेरूनच बघू या,” त्या मुलांना म्हणाल्या. “हे पिल्लू नाही. ही आई आहे.”

“म्या सांगतलं व्हतं न,” कोकिळाताई खूश झाल्या. मॅडमनी त्यांना तसंच वाटू दिलं.

चिठ्ठी बदलली, मी बरणीत परतले. लेकरं जन्मणार नाहीत, हे मला कळतं. दुपारभर काच तापते, रस्त्यावर जीपवाले ‘यवतमाळ, यवतमाळ’ ओरडत असतात, आणि मी पोटातल्यांना त्या निळ्या पाण्याच्या गोष्टी सांगते. कधी आलात तर मला खुशाल बघा. फक्त जाताना कपाटाचा पडदा ओढून घ्या. उजेडात त्यांना झोप लागत नाही.