मोटार बिनतकलीफ पार

मोटारीचे मागचे उजवे चाक आधी रुतले, मग डावे. ड्रायव्हरने दोनदा जोर लावून पाहिला. चाके जागच्या जागी फिरली, काळ्या गाळाचा फवारा मागून ढकलणाऱ्या चपराशाच्या पायजम्यावर उडाला आणि मोटार आणखी वीतभर खाली बसली. म्हसओढ्याच्या दोन्ही काठांवर मिळून तीसेक माणसे उभी होती. कोणी पुढे झाले नाही.

तसे ठरलेच होते.

सगळ्यांच्या मागे, बाभळीखाली, सटवाजी आपली बैलजोडी धरून उभा होता. शेंदऱ्या आणि पोवळ्या. लाल कंधारी, कानशिलापासून खुरापर्यंत एका रंगाची, एका उंचीची. पोवळ्याच्या खांद्यावर सकाळीच चतुराबाईने, सटवाजीच्या बायकोने, ओल्या हळदीचा जाड थर दिला होता. बैलाचा खांदा सुजला आहे, जू सोसत नाही, असे मोटारीतल्या साहेबांना सांगायचे होते. खांद्याला काहीही झालेले नव्हते.

म्हसओढा गावापासून अर्ध्या कोसावर. रुंदी बेचाळीस हात. हिंगोलीच्या पक्क्या सडकेकडे जायला गावाला आणि गावात यायला पलीकडच्या तांड्याला हीच एक जवळची वाट होती, आणि आषाढ ते आश्विन ती असून नसल्यासारखी. ओढ्यावर दगडी फरशी बांधून मिळावी म्हणून गावाने तीन वर्षांत तीन अर्ज दिले होते. पहिल्याचे उत्तर आले नाही. दुसऱ्यावर साहेब पौषात येऊन गेले आणि ओढ्यात पाणी आढळले नाही, असा शेरा मारून गेले. तिसरा अर्ज सोबत नकाशा नाही म्हणून जिल्ह्याहून परत आला. चौथ्यात गावाने एवढेच मागितले की साहेबांनी पावसात येऊन पाहावे. १९३८च्या श्रावणात साहेब आले, औंढ्याकडून गावावरून हिंगोलीला परतताना.

चौथा अर्ज ग्यानबाने लिहवून घेतला होता. ग्यानबा हा सटवाजीचा शेजारी. त्याचे शेतही बांधाला बांध लागून. आदल्या भाद्रपदात त्याची बायको द्वारकाबाई अडली, तेव्हा तिला गाडीत घालून तो हिंगोलीच्या दवाखान्याकडे निघाला. गाडी म्हसओढ्यात रुतली. ग्यानबाचे बैल कमजोर होते. सटवाजीची जोडी असती तर गाडी निघाली असती, पण त्या दिवशी ती वेठीला गेली होती, औंढ्याच्या वाटेवर एका अंमलदाराची मोटार ओढायला. बाळ गाडीतच झाले. ते रडले नाही. त्याच दिवशी संध्याकाळी सटवाजी डोक्याला नवा फेटा बांधून गावात शिरला. अंमलदाराने खूश होऊन चार लोकांत तो त्याला बांधला होता. फेटा बांधून तो ग्यानबाच्या दारावरून गेला, कारण आत काय झाले ते त्याला ठाऊक नव्हते.

कोणीही साहेब येणार असे कळले की दरवेळी हुकूम सुटे. मग गाव ओढ्याच्या उतारावर कापसाच्या पळाट्या अंथरी, वर मुरूम टाकी, आणि तरीही मोटार अडलीच तर सटवाजीची जोडी होती. मोटार निघून जाई. पळाट्या आठ दिवसांत वाहून जात. या वेळी मारुतीच्या देवळात बसून गावाने ठरवले की पळाट्या टाकायच्या नाहीत आणि मोटारीला हात लावायचा नाही. पाटील आदल्या दिवसापासूनच घोंगडी पांघरून निजले. त्यांना ताप आला होता, आणि तो साहेबांची मोटार परत जाईपर्यंत उतरणार नव्हता. जोडी हजर ठेवायचा हुकूम मात्र मोडता येण्यासारखा नव्हता. तेव्हा हळदीची तोड सटवाजीनेच सुचवली.

ग्यानबाने त्याला एवढेच विचारले होते, "जमल ना तुला?"

"न जमायला काय झालं? बैल माझे हायेत," सटवाजी म्हणाला होता.

आता साहेबांनी मोटारीची काच खाली केली. वयस्क, थकलेला माणूस. त्यांनी पाटलांची चौकशी केली. ताप आल्याचे कळल्यावर त्यांनी मान हलवली आणि बैलवाल्याला बोलावले. सटवाजी काठापर्यंत गेला.

"खांदा आला जी पोवळ्याचा. जू सोसत न्हाई."

साहेबांनी हळद पाहिली. ते रागावले नाहीत. "ठीक है. बैठेंगे फिर," असे म्हणून त्यांनी शेजारी बसलेल्या पेशकाराला दप्तर उघडायला सांगितले. पेशकार वसमतकडचा, मराठी बोलणारा. त्याने गुडघ्यावर कागद घेतला, दौत उघडली. पलीकडच्या काठावर तांड्याचा रतनसिंग उकिडवा बसला होता, तो हळूच उभा राहिला. सगळ्यांना दिसत होते की मोटार चिखलात उभी आहे आणि कागद निघाला आहे. तीन वर्षांत असे झाले नव्हते.

चपराशी ओढ्याच्या पाण्यात पायजमा खंगाळत होता. तो कोणाकडे न बघता म्हणाला, "खांदा-बिंदा कुछ नई साब. बुढे हो गये बैल. हट्टे की जोडी होती तो अब तक निकल जाती."

हट्ट्याची जोडी म्हणजे तिकडच्या एका बड्या असामीची. मागच्या पोळ्यानंतर त्या जोडीने दगड ओढायची पैज जिंकली होती, सटवाजीच्या जोडीहून दोन हात पुढे. सटवाजी तेव्हापासून हट्ट्याच्या बाजाराला गेला नव्हता.

त्या वेळी आपण काय विचार केला, हे सटवाजीला पुढे कधी सांगता आले नाही. विचार केला नाही, हेच बहुधा खरे. त्याने धोतराच्या सोग्याने पोवळ्याचा खांदा पुसला, जू चढवले आणि जोडी पाण्यात घातली. ग्यानबा काठावर चार हातांवर होता. त्याने "सटवाजी" अशी एकदाच हाक मारली, मोठ्याने नाही.

सटवाजीने दोर पुढच्या आसाला बांधला. जोडी थोडी तिरकी धरली, कारण सरळ ओढले तर चाक आणखी खाली जाते, हे त्याला माहीत होते. मग त्याने दोघांच्या पाठीवर नुसती बोटे टेकली. चाबूक त्याने कधी वापरला नव्हता. बैलांनी माना खाली घातल्या. गाळातून चुळूक चुळूक आवाज आला आणि मोटार वर येऊ लागली. पेशकाराच्या घड्याळाप्रमाणे एकूण पाच मिनिटे लागली. मोटार पलीकडच्या काठावर, तांड्याच्या बाजूला, कोरड्यात जाऊन उभी राहिली.

"शाबास," साहेब म्हणाले. मग घड्याळाकडे बघून त्यांनी पेशकाराला दोन-तीन वाक्ये सांगितली. पेशकाराने ती उर्दूत लिहिली. पंच म्हणून दोन्ही काठांवरच्या एकेकाला बोलावले. एक रतनसिंग, दुसरा ग्यानबा. कायद्याप्रमाणे पंचांना मजकूर समजावून सांगायचा असतो. पेशकाराने तो मराठीत सांगितला, खाली मान घालून, भरभर. भर पावसाळ्यात समक्ष पाहणी केली. मोटार बिनतकलीफ पार झाली. फरशीची तूर्त जरुरत दिसत नाही.

रतनसिंगने अंगठा द्यायच्या आधी विचारले, "बिनतकलीफ काहून लिवलं जी?"

पेशकाराने शाई पुढे सरकवली. ग्यानबाने शाईत अंगठा बुडवला.

"खरंच हाय ते," तो म्हणाला. "गेली ना मोटार."

साहेबांची मोटार गेली. माणसे पांगली. कोणी सटवाजीला शिवी दिली नाही. दिली असती तर त्याला बरे वाटले असते. रतनसिंग तेवढा जाता जाता थांबला. पोवळ्याच्या खांद्यावरून त्याने हात फिरवला आणि विचारले, "किती दम लागला रे बैलाला?"

"काहीच न्हाई," सटवाजी म्हणाला. तोंडातून शब्द गेल्यावर त्याला कळले की आपण ते फुशारकीने म्हणालो.

घरी चतुराबाईने जू पाहिले. लाकडाला हळद लागली होती, पोवळ्याच्या बाजूला, पंजाएवढी. गाव लहान, तिच्यापर्यंत सगळे आधीच आले होते. सटवाजी जेवायला बसला तेव्हा भाकरी वाढून ती म्हणाली, "मला रोज पाण्याला द्वारकाच्या दारावरनं जावं लागतं." सटवाजीने जू दोनदा धुतले. डाग फिका झाला, गेला नाही. फेटा त्याने पेटीच्या तळाशी घातला आणि पुढे कोणाच्या लग्नातही काढला नाही.

पाचवा अर्ज गावाने दिला. समक्ष पाहणी होऊन निकाल लागलेला आहे, असे उत्तर आठ दिवसांत आले. एवढ्या लवकर आलेले ते पहिले उत्तर.

पुढच्या पावसाळ्यात सटवाजी रोज जोडी घेऊन म्हसओढ्यावर जाऊ लागला. शेतातले काम अर्धे टाकून तो सकाळपासून बाभळीखाली थांबे आणि जी गाडी रुतेल ती काढून देई. तांड्याच्या काढल्या, गावच्या काढल्या. लोक "बरं झालं" म्हणत आणि पुढे जात. ग्यानबाची गाडी तेवढी आली नाही. ग्यानबा हिंगोलीला जायचे तर वरच्या खिंडीतून जाई, चार कोस जास्त चालून.

द्वारकाबाईला पुन्हा दिवस गेले होते. मागचा प्रसंग नको म्हणून सातव्या महिन्यातच तिला हिंगोलीला भावाकडे नेऊन ठेवायचे ठरले. खिंडीतले धक्के तिला सोसणारे नव्हते. भावाने गाडी पक्क्या सडकेवरून पलीकडच्या काठापर्यंत आणायची आणि तिने ओढा चालत ओलांडायचा, असे ग्यानबाने ठरवले. ते सटवाजीला कोणी सांगितले नव्हते.

भाद्रपदातली सकाळ होती. पाऊस थांबला होता. सटवाजीने पाहिले, ग्यानबा पुढे चालत होता, डोक्यावर गाठोडे. मागे द्वारकाबाई. तिचा हात धरून चतुराबाई चालली होती.

सटवाजीने घाईने जोडी जुंपली. रिकामी गाडी घेऊन तो उतारावर आला, गाडीत त्याने कडबा आणि वर घोंगडी घातली, आणि थांबला. ग्यानबा त्याच्या समोरून गेला. तो थांबला नाही आणि त्याने तोंडही फिरवले नाही. ओळखीच्या माणसाकडे बघावे तसे त्याने सटवाजीकडे पाहिले आणि पाण्यात पाय घातला.

"गाडी हाय," सटवाजी म्हणाला.

द्वारकाबाई थांबली. तिची नजर बैलांवर गेली, मग जुवावर.

"ऱ्हाऊ द्या भाऊजी," ती म्हणाली. "साहेब येतील एखांदे."

ती टोमणा मारल्यासारखे बोलली नाही. खरेच साहेब येतील आणि बैल दमलेले नकोत, अशा आवाजात ती बोलली. मग चतुराबाईने एका हाताने तिचे लुगडे सावरले आणि दोघी गाळात उतरल्या.

पाय पोटरीपर्यंत जात होते. एक पाय काढायचा, टेकायचा, मग दुसरा. ओढ्याच्या मध्यावर द्वारकाबाईचा तोल गेला. चतुराबाईने तिला कमरेला धरले आणि दोघी तशाच थांबल्या, श्वास घेत.

चिखलात काही अडले की काय करायचे, हे शेंदऱ्या-पोवळ्याला कोणी सांगावे लागत नसे. दोघांनी माना खाली घातल्या, खांदे जुवाला लावले आणि पाण्याकडे एक पाऊल टाकले. सटवाजीने कासरा मागे ओढला. बैलांना ते कळेना. त्यांनी पुन्हा जोर केला. त्याने दोन्ही टाचा गाळात रोवल्या आणि कासरा हाताला गुंडाळून, सगळ्या अंगाने मागे रेलून, त्यांना धरून ठेवले. दोघी पलीकडे पोचेपर्यंत.