साठपट जवळून

माझा जुना कॅमेरा फोटो काढला की खटॅक् करतो. आतला आरसा उचलला जाऊन आपटतो, त्याचा तो आवाज. समोरच्याला कळतं, निघाला आपला फोटो. मग तो खांदे सैल सोडतो. भावजींनी आणलेल्या नव्या कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येतो. मी तो पहिल्याच दिवशी बंद केला, कारण ढब्बू नुकती झोपली होती. खरंच, तेव्हा तेवढंच कारण होतं.

ढब्बू माझी लेक. अजून चालत नाही, पण बसल्या जागेवरून सगळं घर चालवते. आणि भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. बाजारात नवीन काही आलं की त्यांच्या तळहाताला खाज सुटते.

"वहिनी, हे धूड आता द्या बरं सोडून," जेवणाच्या टेबलावर नवा कॅमेरा ठेवत ते म्हणाले. "हा बघा. साठपट झूम! लेन्स बदलायला नको, पिशवीभर सामान नको. चंद्रावरचे खड्डे दिसतात."

"चंद्रावर कुठे जाऊ? मला आंघोळीला जायला मिळत नाही."

आई हसल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. हसताना त्या तोंडावर हात ठेवतात, नेहमीच. इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीत त्यांची सगळी नोकरी झाली. तिथे मोठ्यानं हसायचं नसतं, त्याचीच ती सवय असेल असं मी समजत होते.

धूड म्हणजे माझा जुना कॅमेरा. ढब्बूच्या आधी मी एका दलालासाठी रिकाम्या घरांचे फोटो काढायचे, त्या कमाईतून घेतलेला. तेव्हाही तो दुकानातला सगळ्यात साधा होता. आता त्याच्या मुठीचं रबर चिकट झालंय आणि दर वेळी हाताला काळं लागतं. त्याची लेन्स लांबचं थोडंसंच जवळ आणते. बाकीचं अंतर पायांनी कापायचं. पण अंधाऱ्या खोलीत, एका दिव्यात, झोपलेल्या लेकराचा गाल कसा दिसतो ते त्याला कळतं.

शेवटी तोडगा निघाला. भावजींच्या ओळखीचा दुकानदार जुना घेऊन नवा द्यायला तयार होता. आठवडाभर मी दोन्ही वापरायचे, एकाच वस्तूचे दोन्हींनी फोटो काढायचे, आणि रविवारी टीव्हीवर लावून सगळ्यांनी निवाडा करायचा. जो हरेल तो दुकानात जाईल.

"मी पंच," माझा नवरा म्हणाला.

"तू कशाला? मी पंच," आई म्हणाल्या. "माझ्याइतकी माणसं कुणी पाहिलीत?"

संध्याकाळी आई ढब्बूला बाबागाडीत घालून समोरच्या बागेत नेतात. तो वेळ माझा. "जा, पाठ टेक जरा," असं म्हणून त्या दार ओढून घेतात, आणि घर एकदम एवढं शांत होतं की मला काय करावं तेच सुचत नाही. त्या आठवड्यात मी फोटो काढले. फडताळातल्या बरण्या, पडद्याची झालर, बादलीतलं पाणी. जुन्यातल्या बरणीमागची भिंत मऊ होऊन मागे सरकायची. नव्यात बरणी आणि भिंत दोघी एका रांगेत उभ्या. दिवा कमी केला की नव्यातल्या फोटोवर बारीक वाळू पसरल्यासारखी दिसायची. मनातल्या मनात मी जुन्याला गुण देत होते.

पण माझ्या मनात त्या दिवसांत दुसरंही काहीतरी होतं. ढब्बू बागेतून आली की रात्रीचा भात तोंडात घेईना. ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत राहायची. आई तिला बाहेर बिस्किटं देतात, असा मला संशय होता. साखर द्यायची नाही हे मी सांगितलं होतं, आणि आई "बरं" म्हणाल्या होत्या. त्या "बरं"वर माझा विश्वास नव्हता.

तर गुरुवारी संध्याकाळी मी नवा कॅमेरा घेऊन खिडकीत उभी होते. पाण्याची टाकी टिपली. लांबच्या इमारतीवरचं घड्याळ टिपलं. जुन्यात त्याचा नुसता ठिपका होता, नव्यात काटे दिसले. मग कॅमेरा खाली बागेकडे वळला. कॅमेरा आपोआप वळत नाही. मी वळवला.

झूम पुढे पुढे गेला आणि आई समोर आल्या. हात लांब केला असता तर त्यांच्या खांद्याला लागला असता. त्या बाकावर बसल्या होत्या, ढब्बू समोर गाडीत. पिशवी गाडीला टांगलेली. मी पिशवीवर नेम धरला आणि वाट बघत राहिले.

आईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आता निघणार बिस्किट, मी म्हटलं. बटणावर बोट तयार.

त्यांनी हात तोंडाशी नेला. हात खाली आला तेव्हा तळव्यात त्यांचे पुढचे दात होते. वरचे, सगळे.

मग त्यांचे ओठ आत गेले, हनुवटी वर आली, आणि माझ्या नीटनेटक्या सासूबाईंच्या जागी कुणी दुसरीच बाई बसली; फार म्हातारी आणि फार वात्रट. ओठ फडफडवून त्यांनी काहीतरी केलं, आणि ढब्बू हसली. अशी की गाडी हलली. दात आत. ढब्बू थांबली, डोळे मोठे करून. दात बाहेर. पुन्हा हसू, सगळ्या अंगानं.

इतकी वर्षं एका घरात राहून मला माहीत नव्हतं. सकाळी नळ सोडून बंद दाराआड त्या एवढा वेळ काय करतात, सफरचंदाच्या कागदासारख्या चकत्या का करतात, हसताना हात का, सगळं मला त्या खिडकीत एका क्षणात कळलं. तिथेच कॅमेरा खाली ठेवायला हवा होता. पण उजेड सुंदर होता, लेक हसत होती, कॅमेरा आवाज करत नव्हता, आणि मी बटण दाबत राहिले. हे कारण म्हणून सांगत नाही. झालं तसं सांगते.

त्या वर आल्या तेव्हा मी विचारलं, "काय केलंत मग बागेत?"

"काय करणार? बसलो दोघी," आई म्हणाल्या. तोंडावर हात.

फोटो पुसायचे होते. पण ढब्बूला दात येत होते. त्या दोन दिवसांत मी केसही विंचरले नाहीत.

रविवारी मी तिला आंघोळ घालत असताना भावजींनी दोन्ही कार्डांवरचं सगळं पेनड्राइव्हवर घेतलं. मी तिला टॉवेलात गुंडाळून बाहेर आले तर खेळ सुरू झाला होता. आई मधल्या खुर्चीत, चष्मा पुसून, खरोखरच्या पंचासारख्या.

"बरण्या. जुना," त्या म्हणत होत्या. "झोपलेली ढब्बू. जुनाच. नव्यात पोरगी वाळूत लोळून आल्यासारखी दिसते."

"थांबा हो, आता बाहेरचे बघा," भावजी म्हणाले. रिमोट त्यांच्या हातात. "ही टाकी! हे घड्याळ! काटे दिसतायत, काटे!"

मी पुढे झाले. "भावजी, बास, पुढचे नको..."

"अहो, आता तर रंगात आलंय."

बाक. गाडी. मग पडदाभर आई.

ओठांच्या कडेच्या सुरकुत्या मोजता याव्यात इतकं स्वच्छ. तळव्यात कवळी. भावजींनी दचकून पुढचं बटण दाबलं, पुढे तेच. परत दाबलं, परत तेच. सुटायला म्हणून ते भराभर दाबत गेले, आणि भराभर दाबल्यामुळे चित्र चालू लागलं. दात बाहेर, दात आत, बाहेर, आत. माझा नवरा फस्सकन हसला आणि लगेच खोकला. माझ्या कडेवरची ढब्बू मात्र पडद्याकडे हात करून मनापासून हसत होती. तिला तिची आजी दिसत होती.

शेवटी भावजींनी टीव्हीच बंद केला.

काळ्या पडद्यात आम्ही सगळे दिसत होतो. आईंनी चष्मा काढला, घडी घातली.

"नवाच ठेवा," त्या म्हणाल्या. "लांबचं किती स्वच्छ दिसतं." आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेल्या. गॅसवर दूध नव्हतं.

भावजींनी कुणाला न विचारता नवा कॅमेरा परत द्यायला खोक्यात भरला. स्वयंपाकघरात जायचं माझं धैर्य होईना. मी नवऱ्याला गॅलरीत गाठलं.

"तुला माहीत होतं?"

"हो. इस्पितळाच्या पायऱ्यांवरून पडली होती. मी शाळेत होतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तिचे दात आहेत. मी कोण सांगणारा?"

सोमवारी आई ठरल्या वेळी ढब्बूला घेऊन निघाल्या. "पाठ टेक जरा" म्हणाल्या नाहीत. मी खिडकीत गेले, नुसत्या डोळ्यांनी. बाक रिकामा होता. दुसरा बाकही. मग उशिरा लक्षात आलं, पंपाच्या खोलीमागे बागेचा एक तुकडा आहे, तो आमच्या खिडकीतून दिसत नाही. तिथे बाक नाही, सावली नाही. माझ्यापासून लपायला गुडघे दुखणारी बाई तिथे जाऊन बसली होती.

मी चपला घातल्या. जिन्यात दोनदा थांबले.

त्या पंपाच्या खोलीच्या ओट्यावर टेकल्या होत्या. मला बघून तोंड मिटलं, त्यावर हात.

"आलीस? जवळून काढायचा राहिला होता वाटतं."

"नाही हो, आई."

"कॅमेरा कुठाय?"

"घरी."

"कुठला?"

"दोन्ही."

मी उभीच. शाळेत वर्गाबाहेर उभं करतात तशी.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "मी बिस्किट शोधत होते. तुम्ही हिला बिस्किट देता असं वाटलं मला."

"सापडलं?"

"नाही."

"शुक्रवारी यायचं होतंस. शुक्रवारी देते. अर्धं."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरले. कुठे बघावं कळेना. आई हसल्या नाहीत.

"चौकशीच्या खिडकीत अख्खं गाव माझ्या तोंडाकडे बघायचं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कुणाला कळू दिलं नाही मी. आणि घरात टीव्हीवर, पोरांसमोर."

मी मान खाली घातली. काहीतरी बोलून त्यांना "जाऊ दे" म्हणायला लावायचं नव्हतं.

ढब्बूला हे आवडलं नाही. तिनं गाडीतून वाकून आजीची बाही ओढली. मग ओठांकडे बोट केलं. आई मान हलवून नाही म्हणाल्या. तिनं पुन्हा बोट केलं, रडवेली होऊन. आईंचा हात तोंडावरून हलेना. त्या माझ्याकडे बघत होत्या.

मी वळले. दोघींकडे पाठ करून गवतावर मांडी घातली आणि पंपाच्या खोलीच्या भिंतीकडे तोंड केलं. भिंतीचा रंग पापुद्रे होऊन सुटत होता. मी एक पापुद्रा नखानं काढला, मग दुसरा. कान तापले होते. मागे बराच वेळ काहीच झालं नाही. ढब्बू कुरकुरली. आईंनी तिला काहीतरी सांगितलं. मी मान हलवली नाही.

मग अगदी बारीक आवाज आला, टक् असा, आणि माझी लेक खिदळली.