टाळ्या मालकांना

आमच्याकडे जपानात कुणी कौतुक केलं की ते अंगाला लावून घ्यायचं नसतं. समोरच्याकडे ढकलायचं, त्याने परत आपल्याकडे ढकलायचं, आणि असं दोन-चारदा झालं की दोघांनी हसायचं. शेंबड्या पोरालाही हे कळतं. काकिनुमाला, माझ्या नवऱ्याच्या मालकाला, त्या दिवशी कळलं नाही, की कळून त्याने गिळलं, यावर मी दहा वर्षं डोकं फोडून घेतलंय.

त्या दिवशी म्हणजे, इबाराकीच्या ट्रॅकवर पांढरी गाडी ताशी तीनशेच्या पुढे गेली, तेव्हा. गाडी काकिनुमाच्या गॅरेजची. पण तिचं इंजिन उकलून, त्यावर ताकद वाढवणारे दोन टर्बो चढवून ते पुन्हा उभं केलं तिथे कामाला असलेल्या माझ्या नवऱ्याने, मासानाओंनी. टर्बोच्या नळ्यांची वळणं आधी पुठ्ठ्याची कापून बघितली ती माझ्या जेवायच्या टेबलावर. वर्षभर आम्ही दोघांनी ओट्याशी उभं राहून भात खाल्लाय. काकिनुमा अधूनमधून यायचा, बघायचा, "हं" म्हणायचा.

गाड्यांच्या मासिकाचा बातमीदार मिनाकामी टेपरेकॉर्डर घेऊन धावत आला. "इंजिन कुणाचं?"

मासानाओ कमरेत वाकले. "माझं कसलं? सगळं मालकांचं. मी आपले नट आवळले."

आता मालकाने म्हणायचं, छे छे, सगळं यानेच केलं. आम्ही सगळे वाट बघत उभे. काकिनुमा म्हणाला, "हं."

संपलं! महिन्याभरात देशभर छापून आलं, काकिनुमाची गाडी, काकिनुमाचं इंजिन.

पुढे आम्ही स्वतःचं गॅरेज काढलं. गिऱ्हाईक यायचं, विचारायचं, "तुम्ही काकिनुमांकडे नट आवळायला होतात ना?" आणि तेल बदलून जायचं. इंजिनाचं काम तिकडे. मासानाओंचे हात रिकामे राहिले की घरात भांड्यांचासुद्धा आवाज मोठा वाटायचा. मी म्हणायचे, "अहो, एकदा तोंड उघडा! नाहीतर या गॅरेजला कुलूप लागेल." ते म्हणायचे, "आपणच कसं सांगायचं गं?"

काकिनुमाच्या सत्तरीचा सत्कार ठरला. एका सराईच्या मोठ्या दालनात दुपारचं जेवण, शंभरेक माणसं, मिनाकामीही होताच. आदल्या दिवशी मी मासानाओंना समोर बसवलं. "उद्या बोलला नाहीत तर मी बोलेन, आणि मग शोभा होईल."

ते बोलले. साके, आमची तांदळाची दारू, ओतून झाली, मिनाकामीने ट्रॅकवरच्या त्या दिवसाची आठवण काढली, तशी मासानाओ उठून उभे राहिले. ओठ पांढरे पडले होते. "ते इंजिन मी बनवलं होतं," म्हणाले, "एकट्याने."

कुणीतरी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. मागून एकजण पुटपुटला, "मालकाच्या सत्काराला? लाज आहे की नाही?" माझ्या कानशिलाला आग लागली, पण मला आनंदही झाला होता, खोटं का बोलू?

मग काकिनुमा जागेवरून सरकला आणि त्याने चटईला कपाळ टेकवलं. "खरं आहे. सगळं याचंच. माझं काही नाही त्यात."

झालं, मी म्हटलं, सुटलो!

आणि लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा, किती मोठं मन!" "शिष्याने असा अपमान केला, तरी स्वतःकडे कणभर श्रेय घेतलं नाही!" मिनाकामी डोळे पुसत लिहीत होता. टाळ्या थांबेनात. मासानाओ तसेच उभे. त्यांच्याकडे कुणी बघतही नव्हतं.

आम्ही उठून बाहेर आलो. दाराशी बूट घालत होतो तर म्हातारा भिंत धरत धरत मागून आला. धाप लागली होती.

"मासानाओ, मी खरंच सांगितलं रे. मनापासून. त्या दिवशी घशाशी आलं होतं, आणि मी गिळलं. पण आज खरं बोललो."

"मालक, थंडीत उभे राहू नका," मासानाओ म्हणाले.

माझा मात्र तोल सुटला. "मग जा आत! सांगा त्यांना, ही नुसती रीतभात नव्हती, खरं होतं म्हणून! मला काय सांगताय?"

म्हातारा वळला आणि आत गेलासुद्धा. दार उघडंच राहिलं होतं. त्याचा फाटका आवाज ऐकू आला, "ऐका, मी शपथेवर सांगतो, ते इंजिन माझं नाही, त्याचं आहे. मी चोर आहे." तो रडत होता.

आणि मग मघापेक्षाही मोठ्या टाळ्या. कुणीतरी ओरडलं, "काकिनुमा सेन्सेई, गुरुजी, शतायुषी व्हा!"

इतकी वर्षं मला वाटायचं, त्याने एकदा कबूल केलं की काम झालं. आता कुणावर चिडू?

मासानाओंनी बुटांची नाडी बांधली, उठले, माझा कोट माझ्या खांद्यावर नीट केला.

"चल," म्हणाले. "उद्या आपल्या गॅरेजची पाटी उतरवू. उंचावर आहे, खालून शिडी धरायला ये."