काचेच्या दाराबाहेरचा बाक

मी एक बाक बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, करकरतोय. कुणी बसलं की माझा डावा पाय जरा कुरकुरतो, तेवढीच माझी वाचा. बाकी वेळ मी गप्प असतो, आणि खरं सांगायचं तर अर्धवट झोपेत असतो. लाकडाची झोप अशीच असते. आपण झाड आहोत की बाक, हे मध्येच आठवेनासं होतं, कुठूनतरी पानं सळसळल्यासारखी वाटतात, आणि तेवढ्यात कुणीतरी येऊन धपकन बसतं.

सध्या माझा मुक्काम एका इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर आहे. समोर लांबलचक व्हरांडा आणि एक दार, वरचा अर्धा भाग काचेचा. त्या दारामागे वेळेआधी जन्मलेली बाळं पारदर्शक पेट्यांमध्ये झोपलेली असतात. आत डॉक्टर आणि सिस्टर जातात. बाळांची माणसं माझ्यावर बसतात.

पण मी मूळचा इस्पितळातला नव्हे. एका सुताराने मला चर्चसाठी घडवलं. माणूस हाताचा चांगला, पण मापाला कच्चा. मी बाकीच्या बाकांपेक्षा हातभर लांब झालो आणि रांगेत बसेना. पाळकसाहेबांनी विचारलं, "अहो, एवढा लांब कशाला?" सुतार जराही गडबडला नाही. म्हणाला, "कुटुंबं वाढतात हो, साहेब." शेवटी मला मागे भिंतीला लावून ठेवलं. त्यामुळे उशिरा येणारे, खोकणारे आणि रडकी मुलं घेऊन येणाऱ्या आया हे सगळे माझ्या वाट्याला आले.

त्या दिवसांची मला अजून गोडी वाटते. उपासनेत सगळे उभे राहून गायला लागले की गाणं माणसांच्या कानात शिरायचं, माझ्या मात्र पायातून वर चढायचं. फरशी थरथरायची, मग माझे पाय, मग पाठ. गाणं संपलं तरी माझ्यात ते थोडा वेळ चालूच असायचं. अजूनही कधीतरी असतं.

तिथे एक मुलगी आपल्या आईजवळ बसायची. पाय जमिनीला टेकत नव्हते, पण सगळ्या चर्चचा कारभार तिच्याकडे. शेजारच्या आजोबांची गुंडी उघडी आहे हे तीच सांगायची, कुणाचं तान्हं कुरकुरलं तर चाव्यांचा जुडगा तीच वाजवायची. प्रार्थनेत एक डोळा मिटलेला आणि दुसरा उघडा, कारण बाकीच्यांनी डोळे मिटलेत की नाहीत हे कुणीतरी बघायला नको का? तिची आई पुटपुटायची, "तू तुझे मीट. बाकीच्यांचं प्रभू बघेल." मग ती नाइलाजाने मिटायची.

पुढे चर्चमध्ये गादीच्या खुर्च्या आल्या आणि आम्हा बाकांची पांगापांग झाली. मला टेम्पोत घालून इथे आणलं. माझ्या पाठीचा रंग उडाला, पुन्हा लावला, पुन्हा उडाला. एके दिवशी पांढऱ्या कपड्यांतली एक तरुण सिस्टर दाराकडे जाता जाता थबकली. माझ्या कडेवर हात ठेवून हळूच म्हणाली, "तू पण इथेच का?" मी तिला आवाजावरून ओळखलं, प्रार्थनेत एक डोळा उघडा ठेवणारी तीच ती मुलगी. फार बरं वाटलं मला. पण ती काही बसली नाही. तिला वेळच नव्हता.

वेळ तिला नंतरही कधी मिळाला नाही. ती वॉर्डाची प्रमुख झाली, सगळे तिला 'मोठ्या सिस्टर' म्हणू लागले. इतरांनी पाहिलीही नसती अशी गोष्ट तिला दारातून दिसायची. डोळ्यात तेल घालून तिने किती बाळं जगवली ते तिचा प्रभूच जाणे. शिवाय घरी सासूबाईंची औषधं, चर्चमध्ये गायनाचा सराव, मुलांचा वर्ग, आजारी माणसांच्या भेटी. "मी बघते" हे तिचं पालुपद होतं. कुणी काही म्हणायच्या आत ती ते बघायला निघालेली असायची.

माझ्यावर बसलेल्या माणसांना ती दारात उभी राहून सांगायची, "आमचं काम आम्ही करतोय. तुम्ही आता देवावर सोडा आणि जरा पाठ टेका." मनापासून सांगायची, पण "चपला बाहेर काढा" हेही ती त्याच सुरात सांगायची. माणसं मान डोलवायची. चपला काढायची. पाठ काही टेकायची नाहीत. जीव टांगणीला लागलेला माणूस माझ्या अगदी कडेवर बसतो, अर्धा भार स्वतःच्या पायांवर ठेवून. केव्हाही उठून धावता यावं म्हणून. दिवसभर माझ्यावर बसून जाणारी माणसं खरं तर उभीच असतात, हे मी तुम्हाला अनुभवाने सांगतो.

मग तिची स्वतःची लेक बाळंत झाली. फार लवकर. मुलगी झाली, एका ओंजळीत मावेल एवढी, आणि तिला श्वास घेता येईना. तिला आतल्या पेटीत ठेवलं. लेक ऑपरेशननंतर खालच्या मजल्यावर पडून होती, जावई वर खाली करत होता.

मोठ्या सिस्टर हात धुऊन आत निघाल्या, तर डॉक्टरबाईंनी दारातच अडवलं.

"सिस्टर, तुम्ही आजपासून रजेवर. ती तुमची नात आहे."

"डॉक्टर, आत माणसं कमी आहेत."

"माहीत आहे. पण आपल्या माणसाला आपण हात लावायचा नाही, हा नियम तुम्हीच घातलाय. भ्यालेले हात आत नकोत."

इतक्या वर्षांनी ती माझ्यावर बसली. कडेवरच बसली, हे सांगायला नको.

तिथे बसून तिने प्रार्थना सुरू केली, अर्धवट मोठ्याने, आपण बोलतोय याचं भान नसल्यासारखी. "प्रभू, पेटी खिडकीजवळची आहे. दुपारी तिथे उन्हाची तिरीप येते, पडदा ओढून घ्यायला हवा. नळीची पट्टी उजव्या गालावर लावलीय, तिथली कातडी नाजूक आहे. छोट्या सिस्टरला घाई करू देऊ नकोस, ती घाईत असली की विसरते. आणि डॉक्टरांना म्हणावं, रक्त पुन्हा तपासा." प्रभूने हे सगळं लिहून घ्यायला टाक उचलला असेल, असं मला वाटून गेलं. आमेन म्हटलं की ती उठायची आणि काचेला नाक लावून बघायची, त्याने सांगितल्याप्रमाणे केलं की नाही. मग परत येऊन बसायची आणि राहिलेलं सांगायची.

जेवण नाही, झोप नाही. जावई म्हणाला, "आई, खाली चला ना थोडा वेळ. ती तुमची आठवण काढतेय." तर म्हणाली, "येते रे. एवढं बघते आणि येते." पण गेली नाही. तिला वाटत होतं की आपण नजर काढली की नातीचा श्वास थांबेल. बिचारीला खरंच तसं वाटत होतं.

एका शांत दुपारी आत मॉनिटर वाजला. ती अशी उठली की मी भिंतीवर आपटलो. चपला काढल्या नाहीत, हात धुतले नाहीत, सरळ आत. दार उघडंच राहिलं, म्हणून मला सगळं दिसलं.

ती थेट नातीच्या पेटीपाशी गेली. पेटीची गोल खिडकी उघडून हात आत घातला. नात शांत झोपली होती. वाजत होता तो शेजारच्या पेटीचा मॉनिटर, तिथलं बाळ निळसर पडत चाललं होतं. दोन पेट्यांमध्ये एकच माणूस मावेल एवढी वाट, आणि त्या वाटेत मोठ्या सिस्टर उभ्या.

"सिस्टर, बाजूला व्हा," त्यांच्या हाताखालच्या छोट्या सिस्टर म्हणाल्या. मोठ्या सिस्टरना ऐकू गेलं नाही. "सिस्टर, बाजूला." शेवटी त्या पोरीने आपल्या वरिष्ठ बाईंना खांद्यांना धरून सरकवलं आणि शेजारच्या बाळाला हाती घेतलं. इकडे उघड्या खिडकीतून गार हात लागला म्हणून नातही दचकली, आणि तिचाही मॉनिटर वाजायला लागला.

दोन्ही बाळं सावरली. तोवर जो काही काळ गेला तो मला माझ्या सगळ्या आयुष्यापेक्षा लांब वाटला.

मोठ्या सिस्टर बाहेर येऊन बसल्या. थोड्या वेळाने छोट्या सिस्टर आल्या आणि शेजारी टेकल्या.

"सिस्टर, एक बोलू का? रागावू नका."

"बोल."

"आमची ड्युटी संपली की तुम्ही काय सांगता? एकदा चार्ज दिला की वॉर्डात घुटमळायचं नाही. नाहीतर ज्याने चार्ज घेतलाय त्याला काम करता येत नाही."

"मी कुठे कुणाला चार्ज दिलाय?"

"दोन दिवस प्रभूला देताय की. इथे बसून. दार उघडं असलं की आत सगळं ऐकू येतं." त्यांनी भर घातली, "पडद्याचंसुद्धा."

मोठ्या सिस्टरना हसू आलं, आणि हसता हसता रडू कोसळलं. पदर नव्हता, मग बाहीनेच डोळे पुसले. "त्याला सांगितलं आणि जाऊन त्याच्याच वाटेत उभी राहिले गं मी. त्या दुसऱ्या लेकराला काही झालं असतं तर?"

"झालं नाही."

"आणि ही वाचली नाही तर?"

"मला नाही माहीत, सिस्टर," छोट्या सिस्टर एवढंच म्हणाल्या.

"मला फार भीती वाटतेय."

"मलापण वाटते. रोज." आणि त्या उठून आत गेल्या. या वेळी त्यांनी दार नीट लावून घेतलं.

मोठ्या सिस्टर त्या बंद दाराकडे बघत राहिल्या. मग डोळे मिटून हळू म्हणाल्या, "प्रभू, ती तुझी आहे. माझी नात व्हायच्या आधीपासून तुझी आहे. माझ्याकडे सांगायला आता काही उरलं नाही. तू घे. मी आत येत नाही." आमेन म्हणायचं राहून गेलं. त्या मागे सरकल्या, त्यांची पाठ माझ्या पाठीला लागली, टाचा जमिनीवरून सुटल्या, आणि त्या बाईचा सगळाच्या सगळा भार माझ्यावर आला. पुढच्याच क्षणी त्यांना झोप लागली.

मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. व्हरांड्यात पिवळं ऊन लांबत होतं. आतली यंत्रं एका सुरात गुणगुणत होती. तो सूर फरशीतून माझ्या पायात आला, पायातून पाठीत, पाठीतून त्यांच्या पाठीत गेला असावा. मला चर्चमध्ये असल्यासारखं वाटलं, मग रानात असल्यासारखं, मग कुठेच नसल्यासारखं. कुणीतरी फार मोठं, फार शांत असं शेजारी येऊन बसलंय आणि त्याने अजिबात भार दिला नाही, असंही वाटलं. मी लाकूड आहे, माझ्या वाटण्याला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा.

डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा जावई जिना चढून आला होता. "आज काहीच सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "अजून थोडे दिवस बघावं लागेल."

"आईंना उठवू का?"

फरशी पुसणाऱ्या मावशींनी फडकं पिळत मध्येच तोंड घातलं. "काहीच सांगता येत नाही, हे सांगायला उठवता होय? ते झोपेतच सांगा."

म्हणजे बघा, चांगली बातमी नव्हतीच. बाळ वाचेल की नाही हे इस्पितळात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तरी ती बाई माझ्यावर गाढ झोपली होती. मला झालेला आनंद मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

जाग आल्यावर जावयाने सगळं सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या, तोंडावर पाणी मारलं आणि खाली लेकीकडे गेल्या. मावशी सांगत होत्या, तिथे त्या लेकीची वेणी घालत बसल्या आणि दोघी पोटभर रडल्या. ती लेक इतके दिवस आईची वाट बघत होती, आणि आई एका दाराची राखण करत होती.

भीती काही एका झोपेत गेली नाही. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा माझ्या कडेवरच होत्या. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा तेच म्हणाल्या, आणि हळूहळू मागे टेकल्या. कधी पटकन जमायचं, कधी सकाळची दुपार व्हायची. रोज नव्याने द्यावं लागायचं. पण मधल्या वेळात त्या जेवायला लागल्या, आणि शेजारच्या पेटीतल्या बाळाच्या आईलाही हात धरून जेवायला नेऊ लागल्या.

आता माझं वय झालंय. पाठीच्या फळीला चीर गेलीय, खिळे सैल झालेत. व्हरांड्यात लोखंडी खुर्च्या येणार असं ऐकतोय. बरं आहे. त्या पुसायला सोप्या असतात.

जाण्याआधी एवढं मात्र सांगू द्या. ती नात घरी गेली. निघताना लेकीने तिला माझ्यावर ठेवून टोपी घातली. मी जीव मुठीत धरून वाट बघत होतो, पण तिचं वजन मला कळलंच नाही, नुसती ऊब कळली. टोपी जरा तिरकी बसली होती. मोठ्या सिस्टरांचा हात उचलला गेला, अर्ध्या वाटेत थांबला, आणि खाली आला. तिरक्या टोपीतच ती पोर जगात निघून गेली.

मला इथून हलवाल तेव्हा मोडीत काढू नका. सरपणालाही देऊ नका. कुठल्याही बंद दाराबाहेर ठेवा. आत जाता येत नाही अशी माणसं पुष्कळ असतात, आणि त्यांना कुठेतरी बसायला लागतं.