उलटी निघालेली कॉन्टेसा

पहिल्यांदा असं: शर्मिलाबाईंनी किल्ली फिरवली, कॉन्टेसा खोकली, मग घुमली, सानपाड्यातल्या त्या सोसायटीच्या पार्किंगमधून डौलात निघाली, गेटवरच्या नव्या स्पीडब्रेकरवरून तिची पुढची चाकं उतरली आणि

ख्रर्रर्र.

सायलेन्सर घासला. मागे.

दुसऱ्यांदा असं: तिरकी घेतली. एक चाक आधी, एक नंतर, बाईंनी श्वास धरलेला. पुढचं सगळं पार झालं आणि

ख्रर्रर्र.

मागे. गोष्टही मागे.

सेक्रेटरी शिवतेजने गेल्या महिन्यात गेटच्या तोंडाशी हा उंचवटा घालून घेतला. मुलं खेळतात म्हणे. बाहेरच्या बाजूने ऐसपैस उतार, आतून मात्र भिंतीसारखा उभा; मिस्त्रीचं आधी सिमेंट संपलं की मन, कुणास ठाऊक. बाकीच्यांच्या गाड्या उंच, त्यांना काही जाणवलंच नाही. कॉन्टेसाच्या मागच्या स्प्रिंगा वयाने बसलेल्या, म्हणून तिची शेपटी जमिनीला. ती तेवढी अडकली. आणि ती अडकल्यावर बोर्डावर सूचना लागली: जे वाहन रविवारपर्यंत गेटबाहेर जाऊन येणार नाही, ते बेवारस समजून त्याची जागा काढून घेण्यात येईल.

आधी पाय बांधायचे. मग म्हणायचं, ही चालत नाही.

“काकू, इमोशनल होऊ नका,” शिवतेज म्हणाला होता. “भंगारात चांगला भाव येतो आता.”

“माझी जागा कुणाला देणार?”

“वेटिंग लिस्ट आहे ना.”

“पहिलं नाव कुणाचं?”

शिवतेजने खिशातून फोन काढला आणि त्यात बघत बसला. फोन वाजलाही नव्हता.

उरणच्या गोदामात बाई टायपिस्ट होत्या तेव्हा ही साहेबांची गाडी. हिला टेकायचं नाही, असा नियम. एकदा बाईंनी नुसती पर्स ठेवली होती बॉनेटवर, तर ड्रायव्हरने फडक्याने ती जागा पुसली. त्यांच्या डोळ्यांदेखत. पुढे कंपनी बुडाली, गाडी लिलावात निघाली आणि बाईंनी ती घेतली. घरी आणल्यावर चालवली नाही. संध्याकाळपर्यंत नुसत्या टेकून उभ्या राहिल्या.

ही गाडी बेवारस!

रविवारी सकाळी बहिणीचा मुलगा संघर्ष आला. त्याचं तुर्भ्याला गॅरेज.

“टेन्शन नको, मावशी. एअर शॉक आणलेत. साध्या शॉकअपसारखाच असतो, फक्त अंगावर रबराचा फुगा. हवा भरली की गाडी मागून वर, सोडली की खाली.”

“अडकणार नाही ना?”

“अडकली तर नाव बदलीन.”

गाडी बाहेर नेता येत नव्हती, म्हणून तो पार्किंगमध्येच जॅक लावून खाली शिरला. शिवतेज हजर.

“सोसायटीत गॅरेजचं काम अलाउड नाही.”

“काका, गाडी बाहेर न्यायला मिळाली तर बाहेरच करतो ना,” गाडीखालून आवाज आला.

“काका कुणाला म्हणतो?”

“तुम्ही मावशीला काकू म्हणता, मग मी तुम्हाला काय म्हणू? बाळ?”

वॉचमन पाठ करून हसला. बाई हसल्या नाहीत.

संघर्षने पायाच्या पंपाने हवा भरली. मागची बाजू हळूहळू उठली, चाकांच्या वर कमानी दिसू लागल्या.

“बघा मावशी, हिने पदर खोचला!”

तिसऱ्यांदा असं: किल्ली, खोकला, घुमणं, गेट आणि

धडाम.

या वेळी नाक. मागून उचलली, तर पुढून वाकली. बंपर त्या उभ्या भिंतीवर आपटला.

“पुढच्या स्प्रिंगा पण बदलाव्या लागतील,” संघर्ष पुटपुटला. “मिळायला वेळ लागेल.”

“आज रविवार आहे, गाढवा!”

पहिल्या मजल्यावर, गेटच्या बरोब्बर वर, शिवतेजची बेडरूम. खिडकीतून तो मोबाईलवर शूटिंग करत होता.

बाई खाली उतरल्या. उंचवट्याकडे बघितलं: आत भिंत, बाहेर उतार. गाडीकडे बघितलं: मागे उंच, पुढे ठेंगणी. पुन्हा बसल्या आणि गाडीचं तोंड पार्किंगमध्येच फिरवलं.

रिव्हर्स टाकला.

जुना रिव्हर्स हॉर्न वाजू लागला. जत्रेतल्या पिपाणीसारखा, बेसूर, कर्कश. बिल्डिंगभर खिडक्या उघडल्या. शिवतेज चपला फटफटवत खाली आला आणि उंचवट्यावर उभा राहिला. तो आरशात मावेना.

“काकू, गेटमधून रिव्हर्समध्ये काढायची नाही!”

“कुठे लिहिलंय?”

“ते... लिहायचं राहिलंय.”

“मग बाजूला हो. जा, लिहून आण.”

पिपाणी चालूच. शिवतेज बाजूला झाला. आणि

आणि

काही नाही. खोचलेली शेपटी भिंतीवरून सहज पार झाली, नाक उताराने मागोमाग आलं. कॉन्टेसा रस्त्यावर, तोंड सोसायटीकडे. बाई पाम बीच रोडवर चक्कर मारून आल्या आणि सरळ आत शिरल्या, बाहेरच्या उतारावरून.

जागा राहिली.

काही दिवसांनी बाई गाडीत बसत होत्या, तेव्हा संघर्षचा फोन आला. “मावशी, स्प्रिंगा मिळाल्या! आता पुढूनही उचलतो. सरळ काढा गाडी.”

बाईंनी घड्याळ बघितलं. सकाळचे सहा वाजले होते. पहिल्या मजल्यावरचे पडदे अजून बंद होते.

“राहू दे,” त्या म्हणाल्या, आणि रिव्हर्स टाकला.